मिनिटाला अठ्ठेचाळीस हेलकावे

गाडी ताशी दोनशे सत्तरच्या पुढे गेली की चौथ्या डब्यातली तेवीस नंबरची सीट हलायला लागायची. त्या सीटवर मी बसत होते, आणि मला ती हलताना एकदाही जाणवली नाही.

नवी वेगवान गाडी प्रवाशांसाठी सुरू होण्याआधी आम्ही बारा जण तिच्यात बसून रोज जा-ये करायचो. प्रत्येकाच्या खाली रबराची एक चपटी चकती, तिच्यात सेन्सर. डब्याच्या फरशीलाही सेन्सर चिकटवलेले. दर पाच मिनिटांनी घंटी वाजायची आणि आम्ही समोरच्या कागदावर एक ते पाचमधला आकडा लिहायचा. एक म्हणजे घरच्या खुर्चीत बसल्यासारखं, पाच म्हणजे मला आत्ताच्या आत्ता खाली उतरवा. बोलायचं नाही, शेजारच्याच्या कागदात डोकवायचं नाही. आणि सगळ्यात कडक नियम: एक माणूस, एक जागा. जो जिथे पहिल्या दिवशी बसला तो शेवटपर्यंत तिथेच. माणूस बदलला की वजन बदलतं, बसायची ढब बदलते, मग कालच्या आकड्यांशी आजचे जुळवता येत नाहीत.

मी कायम 'दोन' लिहायचे. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यापासून मला सगळंच 'दोन' वाटत होतं. गाडी, जेवण, नवऱ्याचं हसणं. सासूबाई अकरा वाजता आणि दोन वाजता बाळाचा फोटो पाठवायच्या. मी आधी त्याच्या छातीकडे बघायचे. श्वास चालू आहे की नाही ते फोटोत कसं दिसणार? तरी बघायचे, मोठा करून बघायचे. मग फोन पालथा घालायचे. काळजी सगळी डोक्यात होती. अंगापर्यंत काही पोचत नव्हतं.

"फरशी गप्प आहे आणि सीट हलतेय," चाचणीचे साहेब लॅपटॉपवरच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले. "मिनिटाला अठ्ठेचाळीस वेळा, डावी-उजवी, घड्याळ लावल्यासारखी. आणि फक्त दोनशे सत्तरच्या वर. म्हणजे सीट ढिली आहे. दुसरं काय असणार?"

ते हे ज्याला सांगत होते त्याला सगळे पकड म्हणायचे. डेपोतला सीट बसवणारा फिटर, पन्नाशीचा, आखूड बोटांचा. त्याने आवळलेला बोल्ट दुसऱ्या कोणाला सुटत नाही, म्हणून पकड. तेवीस नंबर त्यानेच बसवली होती, कागदावर सही त्याची होती.

"साहेब, तीन वेळा खोलली मी ती," पकड म्हणाला. "चारही बोल्ट नवे घातले. हलवून बघा ना. म्हैस बांधा तिला, म्हैस."

"म्हशीचा आकडा नाही मागितलेला कोणी. रेघ काय खोटं बोलते?"

"रेघेचं मला काय कळतंय? बोल्टाचं कळतं."

साहेब माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही रोज दोन लिहिता. एवढं हलतंय तरी दोन?"

"मला तेवढंच वाटतं," मी म्हणाले. ते खरंच होतं.

मंगळवारी ठरलं की शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर गाडीचा वेग दोनशे पन्नासवर आणायचा, आणि तसं वर कळवताना चूक कोणाची तेही कळवायचं. चूक कोणाची हे सांगायला साहेबांकडे एकच सही होती. पकड कंत्राटावर होता. कंत्राट या महिन्यात नवं व्हायचं होतं.

बुधवारी संध्याकाळी मी ओट्यापाशी उभी राहून भाजी चिरत होते. एक्झॉस्ट फॅन चालू होता. नणंद आली होती, बाळ तिच्या कडेवर होतं.

"वहिनी," ती म्हणाली, "तुझं पोरगं माझ्याकडे आहे. तू ओट्याला जोजवतेयस का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय, डुलतेयस ना मघापासून. इकडून तिकडे, इकडून तिकडे. सुरीसुद्धा डुलतेय. आई, बघ गं हिला."

"ती रोजच डुलते," सासूबाई आतून म्हणाल्या. "फॅन लावला की सुरू. त्या घरघरीशिवाय ह्याचा डोळा लागत नाही ना, मग तीन-तीन तास हिने फॅनखाली उभं राहून झुलवायचं. सवय लागलीय अंगाला. जायची हळूहळू."

मी फॅन बंद केला. नणंद म्हणाली, "घ्या, थांबली. बटणावर चालते आमची वहिनी."

सगळे हसले. मीही हसले असेन. माझ्या डोक्यात तोपर्यंत दुसरंच सुरू झालं होतं. दोनशे सत्तरच्या वर गेल्यावर डब्यातला आवाज बदलतो. खडखड संपते आणि एकसारखी घरघर राहते. मला ती आवडायची. तेवढ्यापुरतं डोकं रिकामं व्हायचं.

जेवणं झाल्यावर मी नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं. "फॅन लाव. मी भांडी पुसते. माझ्याशी बोलू नकोस, घड्याळ लाव आणि मोज."

"काय मोजू?"

"माझं डुलणं."

"अगं, ताईने चिडवलं म्हणून एवढं काय मनावर घेतेस?"

"मोज रे."

तो बाळाला मांडीवर घेऊन स्टुलावर बसला. मी ताटं पुसली, वाट्या पुसल्या, आणि मुद्दाम दुसऱ्या दिवशी बाळाला कोणतं अंगडं घालायचं याचा विचार करत राहिले.

"सत्तेचाळीस," तो म्हणाला. "नाहीतर अठ्ठेचाळीस. मधे पोरगं शिंकलं, एक चुकला असेल."

त्याने तीनदा मोजलं. पुढच्या दोन्ही वेळेला अठ्ठेचाळीस.

आता इथे मी काय करायला हवं होतं ते मला त्याच मिनिटाला कळलं होतं. फोन उचलायचा, साहेबांना सांगायचं. मी फोन चार्जिंगला लावला आणि झोपले. गुरुवारी गाडीत गेले, तेवीस नंबरवर बसले, दोन लिहिलं. दुपारी डेपोत पकड चौथ्यांदा तेवीसखाली आडवा झाला होता. त्याचे फक्त बूट दिसत होते. मी त्याच्या बुटांवरून पाय टाकून उतरले.

का, ते सांगते. सांगितलं असतं तर मला पॅनलवरून, म्हणजे आम्हा बारा जणांतून, काढलं असतं. आणि ती सीट म्हणजे दिवसातले आठ तास होते, ज्यात कोणी मला काही मागत नव्हतं. कोणी रडत नव्हतं. बाळापासून आठ तास लांब राहायला मिळतं म्हणून मी एका माणसाचं कंत्राट जाऊ देत होते. हे मला शब्दाशब्दात दिसत होतं, आणि तरी मला शांत झोप लागली होती. त्याचीच मग मला भीती वाटली. म्हणजे, वाटायला हवी असं वाटलं.

शुक्रवारी सकाळी गाडी सुटायच्या आधी साहेबांनी पकडला डब्यात बोलावून घेतलं. "सोमवारपासून येऊ नका. पत्र दुपारी मिळेल."

पकड वाद घालायला उभा राहिला नाही. त्याने हत्यारांची पेटी उचलली, आणि मग पुन्हा खाली ठेवून आतले पाने एकेक पुसायला लागला, कारण ते कंपनीचे होते, परत द्यायचे होते.

"सीट हलत नाही," मी म्हणाले. "मी हलते."

साहेब म्हणाले, "काय?"

मी फॅनचं सांगितलं, मोजल्याचं सांगितलं. माझा आवाज स्टेशनवरच्या घोषणेसारखा येत होता. बाकीचे अकरा जण आपापल्या सीटवरून माना वर करून बघत होते.

"एवढ्या लोकांत कोणाला दिसलं नाही?" साहेबांनी विचारलं.

"गाडीत हलणाऱ्या माणसाकडे कोण बघतं?" पकड पाना पुसता पुसता म्हणाला.

साहेबांनी नियम मोडला. मला एकेचाळीस नंबरवर बसवलं आणि एकेचाळीसवरच्या माणसाला तेवीसवर. पकडला लॅपटॉपशेजारी उभं राहायला सांगितलं. गाडी निघाली. दोनशे. दोनशे चाळीस. खडखड संपली. डुलणं थांबवायचा प्रयत्न करायचा नाही एवढंच मी ठरवलं होतं, आणि मुद्दाम डुलायचंही नाही. खिडकीबाहेर कुंपण एकसलग झालं.

घंटी वाजली. साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. तेवीसची रेघ आडवी पडली होती. एकेचाळीसची वर-खाली होत होती. मी बघत होते तेव्हाही होत होती. माझे दोन्ही हात मांडीवर होते, एक आडवा आणि एक त्याच्या खाली, जसं कोणी त्यांच्यात असावं तसे. मी ते तसे ठेवल्याचं मला आठवत नाही.

"काखेत कळसा," साहेब पुटपुटले, "आणि आम्ही तीन आठवडे गावाला वळसा घालतोय." मग कोरडं म्हणाले, "गाडीचा वेग कमी करायची गरज नाही. पत्र रद्द. तुम्ही मात्र सोमवारपासून पॅनलवर नको. ऑफिसात बसून इतरांचे कागद तपासा. दुपारी तीनपर्यंत."

तीनपर्यंत, म्हणजे चारला घरी. मी मान डोलावली.

डेपोत परतल्यावर दोषाचा फॉर्म भरायचा होता. 'कारण' या रकान्यापाशी साहेब थांबले. "सेन्सरची चूक लिहू. तुमचं नाव कशाला उगाच."

"सेन्सर कोणी बसवले त्याची सही असेल ना," मी म्हणाले.

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. मी लिहिलं: जागेवरील प्रवाशाची स्वतःची हालचाल. खाली माझं नाव. बोल्ट तपासल्याची सही पकडची लागत होती, म्हणून कागद घेऊन मी डब्यात गेले. तो तेवीसपाशी गुडघ्यावर बसला होता. सीटचं खालचं कव्हर अजून निघालेलंच होतं.

त्याने कागद सावकाश वाचला. "मूल केवढं आहे?"

"आठ महिन्यांचं."

"हं. आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

हे खोटं सांगता आलं असतं. त्याला पडताळता आलं नसतं.

"बुधवारी."

"बुधवारी," तो म्हणाला. त्याने बोटांवर मोजलं नाही, पण मोजलं. "मी काल घरी सांगून टाकलं, काम जातंय म्हणून. लेकीने क्लासला फोन करून सांगितलं, आता येणार नाही म्हणून."

"चुकलं माझं," एवढंच मी म्हणाले. ते कागदावर लिहिल्यासारखंच वाटलं.

त्याने सही केली, तारीख घातली, पेन परत दिलं. मग कव्हर उचलून सीटखाली बसवलं. एका हाताने ते नीट धरता येत नव्हतं.

"धरा हे," तो म्हणाला. "घट्ट. हलू देऊ नका."

मी गुडघे टेकून दोन्ही हातांनी धरलं. त्याने पहिला स्क्रू लावला, मग समोरचा, मग उरलेले दोन. तोपर्यंत तीन वाजून गेले होते. मी हात काढले, गुडघे झटकले, आणि लेकीच्या क्लासचा फोन नंबर त्याच्याकडे मागितला.