तीन लाख साठ हजारांतले हातात किती

मी कॅल्क्युलेटर बोलतोय. आवाज चढला तर समजून घ्या. एकोणीस वर्षं एका कारखान्याच्या पगार-खात्यात काढली आहेत.

मला जोडलं ते लांबलचक बाकावर ओळीने बसलेल्या बायकांनी. तिथून डब्यात बंद झालो आणि उघडलो तो भाऊंच्या टेबलावर. भाऊ पगार-कारकून. त्यांचं बोट माझ्या वजाबाकीच्या बटणावर इतकं पडलं की तिथली खूण पार पुसली गेली. मग संगणक आला आणि भाऊंनी मला घरी आणून स्वयंपाकघरातल्या खणात टाकलं, रबरबँड आणि मेणबत्त्यांच्या तुकड्यांत. सहा वर्षं कुणी विचारलं नाही.

एका रविवारी दुपारी खण उघडला तो भाऊंच्या धाकट्या बहिणीने. ताई रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. नवरा गेल्यावर ती परगावी एका खाटेपुरती जागा घेऊन राहिली, आणि तिची दहा वर्षांची मुलगी दीड वर्ष इथे मामा-मामीकडे. आता ताईला मोठ्या इस्पितळात नोकरी लागली होती. तिथे दोन खोल्या बघून झाल्या होत्या. घरमालकाला पाच वाजेपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. हो म्हटलं तर मुलगी आईकडे. नाहीतर आणखी एक वर्ष मामाकडे.

ताईने नेमणुकीच्या पत्रातला आकडा माझ्यावर टाकला, बाराने भागला. तीस हजार. ती खुशीत हसली.

"थांब," भाऊ म्हणाले. "हे तीस तुला देणार कोण?"

"पत्रात लिहिलंय की, भाऊ!"

"लिहायला काय जातंय? वर्षाखेरचा बोनससुद्धा धरलाय त्यात. मिळाला तर मिळाला."

बोनस, ग्रॅच्युइटी, निवृत्ती निधीतला इस्पितळाचा वाटा असे पाच हजार गेले. हे महिन्याला कुणाच्या हातात पडतच नाहीत. मग ताईचा स्वतःचा वाटा, विमा, बस, कॅन्टीन असे चार हजार कापले. उरले एकवीस. फुगवलेला आकडा पहिल्या ओळीत ठळक, आणि कपात शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत! हे पत्र लिहिणाऱ्याला गणित येत नाही असं समजू नका. चांगलं येतं.

ताईने घरून खर्चाचा कागद करून आणला होता. भाडं, किराणा, दूध, गॅस, वीज, बस, दुपारचं जेवण, शाळेची फी, औषधं. भाऊ वाचत गेले, मी बेरीज करत गेलो. साडेबावीस हजार.

दीड हजार कमी.

"मी नाही म्हणून कळवते," ताई म्हणाली.

"दीड हजार मी देत जाईन."

"नको, भाऊ. दर महिन्याला हात पसरायचा नाही मला."

इतका वेळ ओट्यापाशी उभ्या असलेल्या वहिनींनी हात पुसले आणि कागद ओढून घेतला. "वन्सं, हे बसचे दीड हजार कशाचे?"

"कामावर जायला नको का?"

"अहो, इस्पितळाच्या बसचे पैसे आत्ताच कापले ना ह्यांनी? मग ही दुसरी बस कुठे जाते? आणि दुपारच्या जेवणाचे हजार? कॅन्टीनमध्ये एकदा आणि बाहेर येऊन पुन्हा एकदा जेवणार?"

भाऊंनी कपाळावर हात मारला. "एकोणीस वर्षं पगार काढले मी!"

"कापायचं तेवढं कळतं तुम्हाला."

अडीच हजार गळले. खर्च वीस, हातात एकवीस. ताईने तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा तर बटणं इतकी हळू दाबली, जणू मी शब्द फिरवीन अशी तिला भीती होती. मग तिने फोन लावला. पाचला वीस मिनिटं कमी होती.

"मामी, माझी वह्यांची पिशवी कुठाय?" मुलगी आतून ओरडली.

"कपाटात," वहिनी म्हणाल्या, आणि धुतलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

आता मी ताईच्या खिडकीत असतो. ऊन मिळतं, पोटभर. पत्रं लिहिणाऱ्यांनो, हात जोडून नाही, बजावून सांगतो. माणसाच्या हातात जे पडणार ते वर लिहा. त्या आकड्यावर कुणाचं लेकरू कुठे झोपणार ते ठरतं.

काल पहिला पगार झाला. वीस हजार नऊशे साठ. चाळीस कुठे गेले ते विचारायला ताई उद्या पगार-खात्यात जाणार आहे. तिने मला आत्ताच पर्समध्ये घातलंय. येतो.