ओढ्यापलीकडचा सुभा

खुंटेगावच्या ग्रामपंचायतीला लॅपटॉप मिळाला तो दाखले काढायला. दाखले निघत, नाही असं नाही. पण दुपारच्या जेवणानंतर त्यावर साम्राज्य चालायचं. साम्राज्य रणधीरचं. सरपंच तशा त्याची बायको शामलाताई. सही मागितली की त्यांनी कधी नाही म्हटलं नाही, आणि सहीखेरीज त्यांना कुणी काही मागितलंही नाही.

खेळ ऐतिहासिक होता. फौज जमवायची, किल्ले घ्यायचे, मुलूख मारायचा. अडचण एवढीच की सगळा मजकूर इंग्रजी. तो वाचून समजावायला बजरंग लागे. बजरंग म्हणजे पंचायतीचा पाणी सोडणारा. वय पंचेचाळीस, डोळ्यावर चष्मा, इतिहासात बी.ए., अकरा वर्षं तात्पुरता. खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची कमरेइतकी लांब लोखंडी चावी. शिकलेल्या इतिहासाचा गावात पहिल्यांदाच कुणाला उपयोग होत होता, आणि त्याचं त्याला मनातून सुख होतं.

निवडणुकीचा निकाल लागून चार दिवस झाले होते. त्या दुपारी रणधीरनं एक प्रांत जिंकला. तुताऱ्या वाजल्या आणि पडद्यावर चौकट आली.

"काय इचारतंय?"

"जिंकलेल्या मुलखाचा कारभार कसा करायचा, ते इचारतंय. तीन वाटा हायत. एक, लुटायचा. पर एकदा लुटला की पुढं कायबी पिकत न्हाय. दोन, फौज बसवायची. लोक गप राहत्यात, पर फौज तिथंच अडकून पडती. तीन, त्यांच्यातलाच एक माणूस सुभेदार नेमायचा."

"तू काय म्हंतो?"

"तिसरी, अण्णा. मुलूख तुमचा, शिव्या सुभेदाराला."

रणधीरनं बटण दाबलं. लाल प्रांत हिरवा झाला. मग त्यानं मान वर केली आणि बाजारात बैल बघतात तसं बजरंगकडं बघितलं.

"तू वस्तीवरचाच ना रं?"

वस्ती म्हणजे ओढ्यापलीकडं शेतात राहायला गेलेली साठेक घरं. तिची मतं एकगठ्ठा रणधीरच्या विरोधात गेली होती. बजरंगचं घर तिथंच होतं, आई कमलबाई तिथंच होती.

"आजपास्नं वस्तीचं पाणी तुज्याकडं," रणधीर म्हणाला. "आठ दिसातनं एकदा, अर्धा तास. कमी का, ते तूच सांगायचं. माझं नाव मधी आणायचं न्हाय. पावसाळा लागला की तुला कायम करतो."

गावाला पाणी दिवसाआड होतं. वस्तीलाही कालपर्यंत तसंच होतं. बजरंगनं विचार केला, दुसरा कुणी असता तर अर्ध्या तासाची वीस मिनिटं केली असती. आपण असलो तर चाळीस करू. सुभेदारी घेणाऱ्या प्रत्येकानं हाच विचार केला असणार. बी.ए.च्या पुस्तकात तेवढं दिलेलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात त्यानं मोटार जळाली म्हणून सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात पाइप फुटला. तिसऱ्यात लाइट नव्हती, आणि नेमके तेव्हा वस्तीवर सगळ्यांच्या घरी टीव्ही चालू होते. कचेरीतला शब्द ओढा ओलांडून आला आणि वस्तीच्या चौकात बसणारा भागवत त्याला बघितलं की उठून मुजरा करायला लागला.

"या सुभेदार! आज काय फुटलं?"

बजरंग ठरल्याप्रमाणे दर गुरुवारी दहा मिनिटं जास्त सोडायचा. त्याचं कौतुक कुणी करायचं कारण नव्हतं, कारण कचेरीतल्या मोटारीच्या नोंदवहीखेरीज ते कुणाला ठाऊकच नव्हतं. उलट नळावर बाया कमलबाईची घागर उचलून ओळीच्या शेवटाला ठेवायच्या.

"पोराला सांगा की काकी, घरात नळ बसवून दिईल."

कमलबाई घागर तिथंच भरून घ्यायची. पोराजवळ मात्र बोलायची. "आरं, लोकाचा राग आला तर आला. पर माझ्यासंगं कुणी नळावरबी बोलंना झालंय."

एप्रिलअखेर ऊन असं पडलं की ओढ्यातले दगड वाजायला लागले. भागवतची चुलती सिताबाई, सत्तरीची, कळशी घेऊन शेतातल्या विहिरीत उतरली. पायऱ्या खालच्या अंगाला ढासळलेल्या. दोरानं तिला वर काढली ती भागवतनंच. कळशी वर आली नाही.

तिला अग्नी देऊन लोक परतले, त्याच दुपारी रणधीरनं बजरंगला बोलावून घेतलं. लॅपटॉपवरचा तो प्रांत लालभडक झाला होता आणि त्यावर मशाली हलत होत्या.

"हितं काय पेटलंय बघ जरा."

बजरंगचे डोळे सुजलेले होते, तरी त्यानं वाचलं. वाचायची सवय. "असंतोष नव्वदच्या वर गेलाय. फौज पाठवा, न्हायतर..." तो पुढं सरकला. "ह्ये बघा, अण्णा. सुभेदाराला बडतर्फ करून लोकांच्या हवाली करा. असंतोष शून्यावर येतो. वर राजाची कीर्ती वाढती." आणि विद्वान माणसाला राहवत नाही म्हणून त्यानं पदरचं जोडलं, "लई हुशारीचं हाय. एका माणसात भागतं."

रणधीरनं बटण दाबलं. कोपऱ्यातलं मिशीवाल्या सुभेदाराचं चित्र राखाडी झालं. लॅपटॉपमधून लोकांचा जयजयकार आला.

या वेळी रणधीरनं मान वर केली नाही. बजरंगला त्याचीच भीती वाटली.

"अण्णा, चावी दुसऱ्या कुणाला देता का?"

"सुभेदारानं राजीनामा द्यायची सोय हाय का यात?"

बजरंगनं प्रामाणिकपणे पडदा वरपासून खालपर्यंत बघितला. "न्हाय."

"मग?"

घरी कमलबाई म्हणाली, "मावशीच्या गावाला, तेरला जा. चार दिस तोंड दाखवू नगं."

"मी गेलो तर तुला धरतील."

तिनं भाकरी वाढली. दोघांनी ती तशीच ठेवली.

सकाळी वस्ती पंचायतीवर आली. बाया पुढं, रिकाम्या घागरी डोक्यावर, भागवत सगळ्यांत पुढं. रणधीर पांढरे कपडे घालून पायरीवर हात जोडून उभाच होता, पाहुण्यांची वाट बघितल्यासारखा. शेजारी बजरंग.

"सिताबाई माझ्या आईवाणी होती," रणधीर म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच भरून आला. "वस्तीला दिवसाआड पाणी सोड म्हणून मी ह्याला पहिल्या दिवशी सांगितलं. ह्यो म्हंतो, मोटार जळली. ह्यो म्हंतो, पाइप फुटला. तुमाला काय म्हणाला?"

"त्येच म्हणाला!" लोक ओरडले.

"आन दर गुरुवारी दहा मिनिटं जास्त पाणी कुणासाठी सोडत होता, ते इचारा. ओळीत शेवटाला कुणाची घागर असती?"

सगळ्या माना कमलबाईकडं वळल्या. ती दहा मिनिटं खरी होती. अख्ख्या भाषणात तेवढंच खरं होतं, म्हणून बाकीचंही पटलं.

रणधीरनं बजरंगच्या खांद्यावरची चावी काढून घेतली. "आजपास्नं ह्यो कामावर न्हाय. तुमचा माणूस हाय. तुमीच बघा." आणि तो दोन पायऱ्या वर सरकला.

पहिली चपराक भागवतची. ती त्याच्या चुलतीसाठी होती, तिच्यात खोट काढता येत नाही. पुढच्या कुणाकुणाच्या होत्या ते बजरंगला कळलं नाही. तो खाली होता आणि वर नुसते पाय होते. मग टँकरचा हॉर्न वाजला. टँकरला रणधीरनं आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं. पाय थांबले, वळले, पळाले. मारणाऱ्यांनाही तहान होतीच.

"अण्णांचा विजय असो," कुणीतरी पळता पळता म्हणालं.

रणधीर बजरंगशेजारी पायरीवर टेकला आणि त्याचा चष्मा उचलून दिला. एकच काच राहिली होती.

"आता तिथं कोण नेमावा? तुला माणसं ठावं हायत."

बजरंगनं एका काचेतून टँकरकडं बघितलं. भागवत टाकीवर चढला होता. डोळे अजून रडून लाल; हातात पाइप; बायांवर खेकसून ओळ लावत होता आणि ओळ लागत होती.

"भागवत," बजरंग म्हणाला.

"शिकलेला माणूस तो शिकलेलाच," रणधीर उठत म्हणाला.

कमलबाईला अर्धी घागर मिळाली. घरी आल्यावर तिनं त्यातलं तांब्याभर घेतलं, पदर भिजवला आणि पोराच्या कपाळावरचं रक्त पुसायला बसली.

"चावी कुणाला दिली?"

"भागवतला. मीच नाव सांगितलं."

पदर थांबला. तिनं पोराच्या तोंडाकडं असं बघितलं, जसं अनोळखी माणूस दारात आल्यावर बघतात. मग पदर पिळला, लाल पाणी मोरीत गेलं.

"त्याची आय उद्या नळाला येईल," ती म्हणाली. "तिची घागर कुठं ठिवायची, ते तिला मलाच दाखवावं लागंल."