सह-घरधनी

आमच्या जावयाला दारात खाकरायची खोड आहे. लग्न होऊन आला त्या दिवसापासून. पायरीवर चपला काढायच्या, जुळवून भिंतीशी लावायच्या, घसा साफ केल्यासारखं करायचं आणि आतून कुणी "या" म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. बरं, आत आला तरी बसणार कुठं? चटईच्या काठावर, दाराला पाठ लावून. कॉफी दिली तर तळाशी घोट ठेवणार, भात वाढला तर ताटात घास ठेवणार. कितीदा म्हटलं, "सुतान, तुमच्या घासांवर माझ्या कोंबड्या जगत नाहीत, संपवा तेवढा." तो हसायचा, आणि घास ठेवायचाच.

आमच्या रीतीत हे चुकीचं आहे असं नाही. आमच्याकडे घर बाईचं, जमीन बाईची, आणि पुरुष लग्न करून बायकोच्या घरी नांदायला येतो. जुनी माणसं म्हणतात, जावई म्हणजे जळक्या खोडावरची राख, वारा आला की गेली. पण राखेनंसुद्धा इतकं खाकरू नये.

मागच्या वर्षी माझी मुलगी नेल्मी गेली आणि तो वारा आला. शंभराव्या दिवसाची प्रार्थना झाली, जावयानं कपड्यांची पिशवी उचलली आणि दरीपलीकडे बहिणीच्या, देस्मायारच्या घरी राहायला गेला. जा असं कुणी म्हटलं नाही. राहा असंही कुणी म्हटलं नाही. कुणी म्हणजे मीच, दुसरं कोण म्हणणार होतं? त्यांची मुलगी उपियाक माझ्याकडे राहिली. मूल आईच्या घरचं असतं, त्यात विचारायचं काही नसतं.

तरी तो रोज यायचा. आमच्या अंगणाच्या टोकाला, दरीच्या काठावर, त्यानं आणि नेल्मीनं दोन लहान घरं उभी केली होती. शनिवार-रविवारी पेकनबारू शहरातली माणसं थंड हवा खायला येतात, ती तिथं उतरतात. सगळा कारभार जावयाच्या फोनात. निरोपांना उत्तरं तो देणार, किल्ल्या तो देणार, चादरी तो धुणार, माकडांनी पळवलेल्या चपला झाडावरून तोच काढणार, आणि तरुण जोडपं आलं की निकाहची वहीसुद्धा तोच मागणार. ते सगळं आटपलं की माझ्या दारात येऊन खाकरायचं, आणि उपियाकची गणितं होईपर्यंत चटईच्या काठावर बसायचं. तेवढ्यासाठीच तो चादरी धुतो, हे मला कळत नव्हतं असं नाही.

मग दोन गोष्टी झाल्या. शेजारच्या गावात एका बाईची अशीच घरं होती. तिचा देखरेख करणारा माणूस पदांगला निघून गेला आणि फोनमधलं पान, पाहुण्यांनी दिलेल्या चांदण्या, सगळं घेऊन गेला. आता त्या घरांत वटवाघळं उतरतात, तीही फुकट. आणि बाजारात मासळीवालीनं मला सांगितलं, "देस्मायार भावासाठी नवरी बघतेय हो, पायाकुंबुहची." माशाबरोबर ती बातमीही मी घरी आणली, आणि ती मासळीपेक्षा लवकर नासली.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी रेस्ती नोटरीच्या कचेरीत कामाला आहे; मला ती माकतुओ म्हणते, मोठी मावशी. तिला फोन केला. म्हटलं, करार कर, आणि त्यात काय घालायचं ते सांगितलं.

रविवारी ती आली. जावयालाही बोलावलं होतं. तो खाकरला, आत आला, काठावर बसला. मी कॉफी ठेवली. रेस्ती वाचायला लागली.

"पहिला पक्ष, श्रीमती दाहनियार, यापुढे घरधनी. दुसरा पक्ष, यास्रिल, यापुढे सह-घरधनी."

"काय म्हणालीस?"

"सह-घरधनी. माकतुओ, अ‍ॅपवर तसंच म्हणतात. एक मुख्य, एक जोडीचा."

"अ‍ॅपला काय कळतंय? माझ्या आजीपासून या घरात पुरुष घरधनी झाला नाही. माझा नवरा म्हातारा होईपर्यंत इथं नांदला, मशिदीत बांग द्यायचा, सगळं गाव त्याच्या आवाजावर उठायचं. त्यालासुद्धा कुणी घरधनी म्हटलं नाही. खोडून टाक तो शब्द."

"मग काय लिहू? व्यवस्थापक?"

"तो बँकेत असतो. राखणदार लिही."

रेस्ती थांबली आणि जावयाकडे बघायला लागली. तो म्हणाला, "लिही गं. इतके दिवस राख होतो, आता राखणदार झालो. बढतीच म्हणायची."

रेस्ती हसली. मी हसले. उपियाक काही न कळता हसली. तो आमच्याइतका हसला नाही.

पुढची कलमं भराभर झाली. चादरी कुणी धुवायच्या, गॅस कुणी भरायचा, घरात उग्र वासाचं ड्युरियनचं फळ फोडलं तर पाहुण्याला काय सांगायचं.

"माकडानं वस्तू नेली तर जबाबदार कोण?" रेस्तीनं विचारलं.

"माकड," जावई म्हणाला.

"उदा, असं लिहिता येत नाही." ती त्याला उदा म्हणते, म्हणजे दादा.

"मग त्याची सही घेऊन ठेव."

घरात बऱ्याच दिवसांनी असं हसणं झालं. तिथंच उठले असते तर बरं झालं असतं. पण माझं कलम राहिलं होतं. पोरं कडू औषध एका दमात गिळतात, तसं रेस्तीनं ते वाचून टाकलं. "दुसऱ्या पक्षाने पुन्हा लग्न केल्यास हा करार त्याच दिवशी संपेल. त्याने किल्ल्या आणि फोनवरील पान परत करावे, आणि बोलावल्याशिवाय आवारात येऊ नये."

जावयानं कप खाली ठेवला. "आमाक," तो म्हणाला, सासूला आमच्याकडे आईच म्हणतात, "आवार म्हणजे ती दोन घरं, की हे अंगणसुद्धा?"

विचारलं मला, पण डोळे पायरीकडे होते. तिथं उपियाक त्याच्या चपला भिंतीशी जुळवून लावत होती, अगदी तो लावतो तशा.

"ती दोन घरं" एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पण डोक्यात मासळीवाली बसली होती, आणि समोर रेस्ती बघत होती. मी म्हटलं, "कागदात आवार आहे ना? मग आवार. सही करा, यास्रिल."

लग्नाच्या दिवशी आम्ही पुरुषाला नवं नाव देतो. आमच्या जावयाचं सुतान पालिंदिह. त्या दिवसापासून पोरपणचं नाव त्याच्या आईबहिणीकडे राहतं. सासरच्यांनी ते नाव घेणं म्हणजे चारचौघांत त्याची लुंगी ओढणं. माझ्या घरात ते नाव कधी कुणाच्या तोंडातून निघालं नव्हतं. जावयाला मी साधं अरे-तुरेसुद्धा केलेलं नाही.

नंतर रेस्तीला म्हटलं, "कागदावर होतं, म्हणून तोंडातून गेलं." कागद तिच्या हातात होता. मी वाचत नव्हतेच.

त्यानं सही केली. मग कप उचलला आणि कॉफी तळापर्यंत प्यायला. घोट ठेवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून दारातलं खाकरणं बंद झालं.

कामाला तो येत होता. चादरी वाळत पडायच्या, किल्ल्या खिळ्यावर असायच्या. पण अंगण ओलांडून माझ्या दाराशी काही यायचा नाही. उपियाकच त्याच्याकडे जायची, पाहुण्यांच्या घराच्या पायरीवर बसून दोघं गणितं करायची. त्याच्या वेळेला माझा हात आपोआप कॉफी करायचा. मग त्या कपाकडे बघत बसायचं. एवढी वर्षं ज्या खाकरण्याला नावं ठेवली, तेच ऐकायला कान दाराला लागायचे, आणि यायचा तो बाहेरच्या माकडांचा आवाज.

शुक्रवारी पेकनबारूहून एक कुटुंब आलं, बरोबर एक म्हातारी. मी खिडकीत होते. म्हातारीनं जावयाला विचारलं, "तुम्हीच का इथले घरधनी?"

"नाही, नेनेक. घरधनी त्या वरच्या घरात आहेत. मी राखणदार." आणि बोट न दाखवता, अदबीनं अंगठा माझ्या घराकडे केला.

तेवढ्यात उपियाक चहाचं तबक घेऊन गेली आणि तिथून ओरडली, "यास्रिल! चमचे कुठायत?"

म्हातारी दचकली. "अगं, बापाला नावानं हाक मारतेस?"

"उवो पण मारते," माझी नात म्हणाली. उवो म्हणजे आजी, म्हणजे मीच. "कागदावर तेच आहे."

जावई हसला. "आणतो हं, उपियाक," म्हणाला आणि चमचे आणायला गेला. मी पडद्यामागे झाले. माझ्या स्वतःच्या घरात मी कधी कुणापासून लपले नव्हते.

उपियाक परत आली तेव्हा तिला झापलं. "परत आबाकला नावानं हाक मारलीस तर जिभेला मिरची लावीन."

"मग तू का मारलीस?"

मिरची कुणाच्या जिभेला लावायची ते तिला कळलं होतं, आणि मलाही.

रेस्तीला फोन केला. "तो शब्द परत घाल."

"कुठला?"

"तोच. घरधनीचा. सह का काय तो."

"आणि लग्नाचं कलम काढू ना, माकतुओ?"

"ते राहू दे."

"माकतुओ..."

"राहू दे म्हटलं ना!"

चूक केली पूर्ण, आणि माफी मागायला निघाले अर्धी. मला वाटलं, तेवढ्यावर भागेल.

जावई आमच्याकडे आपल्या पायानं येत नाही. लग्नाच्या दिवशी मुलीकडच्या बायका पितळी पात्रात विडा घेऊन जातात आणि त्याला आईच्या घरून आणतात. तेच पात्र चिंचेनं घासलं. पानं, सुपारी, चुना मांडला. हिरव्या मिरचीतलं बदक शिजवलं, तो ते आवडीनं खातो. काळा पोशाख घातला, उपियाकला पुढं केलं आणि दरीच्या रस्त्यानं निघाले. बायका दारात आल्या.

"दाहनियार, विडा घेऊन कुणाकडं?"

"माकडांना आवतण द्यायला," मी म्हटलं. पण मान वर करून म्हणता आलं नाही.

देस्मायारच्या पायरीवर चपला काढल्या. दार उघडंच होतं, आत ती भाजी निवडत होती. मी उंबऱ्याशी उभी राहिले. हाक कुठल्या तोंडानं मारायची ते कळेना. मग घशातून आपसूक आवाज निघाला. खाकरले मी.

"या," देस्मायार म्हणाली. पात्राकडे बघितलं, बदकाकडे बघितलं. "कुणाला न्यायला आलात, आमाक? सुतान पालिंदिहला की यास्रिलला? कारण यास्रिल आमचा आहे. तो इथंच राहील."

"सुतान पालिंदिहला," मी म्हटलं.

जावई मागच्या खोलीतून आला. उपियाक जाऊन त्याच्या गुडघ्याला टेकली. मी कागद पुढं केला. त्यानं वाचला.

"शब्द बदललात."

"हो."

त्यानं पान उलटलं. मला माहीत होतं तो काय शोधतोय. त्याला ते सापडलं. कागदाची घडी करून त्यानं माझ्यापुढं ठेवला, हळूच, ज्येष्ठांपुढं ठेवतात तसा.

"उगाच त्रास घेतलात," देस्मायार म्हणाली. "त्यानं होकार दिलाय. पायाकुंबुहची शाळेतली बाई आहे. वर्षभर मी मागं लागले होते, हा म्हणायचा, नको, उपियाकपासून लांब पडेन. त्या रविवारी तुमच्याकडून आला आणि स्वतःच म्हणाला, बघ तिला."

"उनी, पुरे," जावई बहिणीला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आमाक, नेल्मी गेली तरी दिवसभर तुमच्या अंगणात असायचो. तेवढ्यावर माझं भागत होतं. मग कळलं, तेही खोडावरची राखच आहे."

ज्या लग्नाला भिऊन मी ते कलम घातलं, ते लग्न त्या कलमानंच जुळवलं होतं. मासळीवालीनं नाही, देस्मायारनंही नाही.

"पेन आहे का?" मी विचारलं.

मला वाचायचं म्हणजे तांदळातले खडे वेचल्यासारखं, एकेक अक्षर बोटानं बाजूला करावं लागतं. पण "लग्न" हा शब्द लगेच सापडला. मीच घालायला लावला होता. त्याच्यावरून पेन ओढलं, पुढच्या "आवारा"वरून ओढलं, कागद फाटेपर्यंत ओढलं. बोटाचा चुना लागून पांढरा डाग पडला. रेस्ती ओरडेल. ओरडू दे.

मग पात्र त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं पान उचललं, पण खाल्लं नाही, हातात धरून बसला. तो परत नांदायला येणार नव्हता, ते आता कुठल्याही विड्यानं होण्यासारखं नव्हतं. देस्मायार ऐकत होती, उपियाक ऐकत होती. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला पोटच्या पोरासारखं अरे-तुरे केलं. मी म्हटलं,

"सुतान, लग्न कर. त्यांचा विडा आला की मानानं जा. तिथल्या दारात हवं तेवढं खाकर, घोट ठेव, घास ठेव, सगळी हौस फेडून घे. माझ्या दारात ते चालणार नाही. घरधनी आपल्या दारात खाकरत नसतो. तो चपला कुठंही भिरकावतो आणि आत येऊन विचारतो, कॉफी झाली का."