लग्न कोणाचं होतं

रॉकेलात भिजवलेल्या चिंधीने क्लारा गिटारीवरची बाई पुसत होती. माडाखाली नाचणारी ही बाई तिचा नवरा ग्रेगरी वाजवायचा त्या हॉटेलच्या मालकाने हौसेने रंगवून घेतली होती. घासून घासून बाईचं डोकं गेलं, हात गेले, घाघराही गेला. पण हवेत उचललेला डावा पाय काही केल्या निघेना. शेवटी क्लाराने तांदळाची खळ शिजवली आणि त्या पायावर सांत आंतोनचं चित्र चिकटवलं. चित्र जरा आखूड पडलं. खालून बाईचा लाल बूट दिसतच राहिला.

"सांत आंतोनला तिसरा पाय फुटला," ग्रेगरी म्हणाला.

क्लाराला हसू आलं नाही. शब्द तिने दिला होता, ग्रेगरीने नव्हे.

देवळातल्या हार्मोनियमचा भाता घुशींनी कुरतडला आणि पेटी दुरुस्तीला गिरगावात गेली ती गेलीच. अगेरा, म्हणजे नव्या पिकाचा सण, तोंडावर आलेला. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळात आणायच्या, त्यांच्यावर आशीर्वाद घ्यायचा आणि मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, मात्र सुरावाचून व्हायची, ही कल्पना मरोळ गावातल्या कुणालाच सोसवेना; पण बोललं कुणी नाही. क्लारा उठली आणि स्वतः फादरकडे गेली. माझा नवरा वाजवील, म्हणाली. फादर स्पॅनिश, उंच, पुस्तकातलं मराठी बोलणारे. गिटार देवळात, हे ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग सांगितलं की लग्नाचा, नाचाचा, हॉटेलातला एकही सूर आला नाही तर पुढेही ग्रेगरीलाच ठेवू, आणि शाळेतली गाण्याची जागाही रिकामी आहेच. एक जरी सूर आला तर गिटार पुन्हा उंबरठ्याच्या आत येणार नाही.

"येणार नाही, फादर. मी सांगते ना."

शाळेतली जागा म्हणजे काय, ते क्लाराला फादरपेक्षा जास्त कळत होतं. नवरा संध्याकाळी घरी असणं. ताटात वाढलेली आमटी गरम असताना जेवणं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ग्रेगरीच्या तोंडाला दारूचा वास येत नाही अशी सकाळ तिने फक्त लेंटच्या उपासकाळात पाहिली होती, कारण तेवढे दिवस तो वाजवत नसे.

अगेराच्या दिवशी देऊळ खच्चून भरलं होतं. वेदीजवळ पितळी परातीत लोंब्या. बायकांच्या बाजूला, अगदी पुढच्या बाकावर क्लाराची सासू इजबेल. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून पुढे. गावात लग्न कुणाचंही असो, उंबराचं पाणी आणायला बायका निघाल्या की पहिलं गाणं इजबेलबायनेच उचलायचं. नवरीला न्हाऊ घालायचं ते पाणी. तिने तोंड उघडल्याशिवाय विहिरीवर कुणी घागर बुडवत नसे. आज ती लाल लुगड्यावर, देवळात डोक्यावरून घ्यायची पांढरी चादर, ओल, घेऊन, जपमाळ धरून गप्प बसली होती. क्लारा तिच्या मागच्या बाकावर होती, शेजारी पेट्रिशिया. हिच्या जिभेची गावाला धास्ती.

"लाल बूट बघितला मी," पेट्रिशिया ओलीआडून पुटपुटली. "जिन्यावरून नेत होता तेव्हा. सांत आंतोन नाचायला निघालेत काय गं?"

गिटार होती मागे, माळ्यावर, गायकांच्या घोळक्यात. गायकांना शिकवणाऱ्या इसिडोर मास्तरांनी ती पाहून आधी क्रुसाची खूण केली, मग सूर मागितला. पहिली तार वाजली तेव्हा शंभर माना मागे वळल्या आणि लाजून पुन्हा पुढे झाल्या. पण ग्रेगरी वाजवत होता शहाण्यासारखा. हळू, साधं, जणू गिटारीलाही पांढरी ओल घातलीय. क्लाराची घट्ट मिटलेली मूठ सैल होत गेली. प्रवचन झालं, क्रेदोची प्रार्थना झाली.

मग फादर लोकांकडे पाठ करून वेदीवरची तयारी करू लागले. इथे इसिडोर मास्तरांनी थोडा वेळ नुसतं वादन ठेवलं होतं. ग्रेगरीने तारा जुळल्यात का ते पाहायला अंगठा वरून खाली फिरवला. एकदा. आणि सवयीने, पुन्हा एकदा.

हे असे दोन झटके गावातलं शेंबडं पोरही ओळखतं. लग्नघराच्या अंगणात बायका घागरी घेऊन उभ्या राहिल्या की ग्रेगरी असाच दोनदा अंगठा फिरवतो. म्हणजे, चला, उचला गाणं.

इजबेलने गाणं उचललं.

उभी राहून, मान ताठ करून, विहिरीवर जाईल अशा आवाजात. उठा गं बायांनो, घागरी घ्या, लेकीला न्हाऊ घालायचंय, अशी सुरुवात. देवळातला खोकलासुद्धा थांबला. वेदीशेजारच्या पोरांनी तोंडं वासली. क्लाराने पुढे वाकून सासूचा पदर ओढला, दुसऱ्यांदा जरा जोरात ओढला. इजबेलने पाठीमागे हात नेऊन तिची बोटं सोडवली, माशी झटकावी तशी, आणि दुसरं कडवं धरलं.

म्हातारीचं डोकं फिरलं, असं क्लाराला वाटलं. माझा शब्द गेला, असंही वाटलं, आणि कुठलं आधी वाटलं याची तिला पुढे कित्येक दिवस लाज वाटत राहिली.

त्याहून भयंकर पुढेच होतं. तिसऱ्या कडव्याला माळ्यावरून गिटार आली. आईच्या आवाजाखाली हलकेच जाऊन उभी राहिली, जिना चढणाऱ्या म्हातारीला कुणी कोपराने आधार द्यावा तशी. ग्रेगरी गाणाऱ्याला कधी एकटं सोडत नसे, बँडवाल्याची सवय. क्लाराने मागे वळून पाहिलं नाही. शेजारी पाहिलं, तर ओलीच्या आत पेट्रिशियाचे ओठ हलत होते.

फादर हलले नाहीत. वेदीवर दोन्ही हात टेकून, पाठ करून उभे. त्या पाठीवरून काही कळायला मार्ग नव्हता. पाचही कडवी झाली. इजबेल खाली बसली, ओल सारखी केली. आणि मग "ओराते फ्रात्रेस", बंधूंनो प्रार्थना करा, असं म्हणायला फादरांना लोकांकडे वळावंच लागलं. चेहरा कोरा. पुन्हा पाठ केली आणि मिस्सा पुढे चालू झाली.

मिस्सा संपल्यावर क्लारा वेदीमागच्या खोलीत गेली. जी शिक्षा असेल ती इथेच घ्यावी, गावासमोर नको, एवढंच तिच्या मनात होतं. फादर झगे घडी करून ठेवत होते. तिने सगळं एका दमात सांगितलं. ते भजन नव्हतं, लग्नाचं गाणं होतं. सासू म्हातारी आहे, अंगठा सवयीने फिरला, आणि शब्द मोडला तो तिचा मोडला.

"ते गाणे मला ठाऊक आहे, क्लाराबाई," फादर म्हणाले. "त्या गाण्यामुळे येथील प्रत्येक नवरी देवळात उशिरा येते. मी दारात उभा राहून ते ऐकत असतो."

त्यांनी घडी केलेला झगा कपाटात ठेवला.

"लग्न नसताना ते कोणी गात नाही. मी कधी ऐकले नाही. मग आज लग्न कोणाचे होते?"

"ते सासूलाच ठाऊक, फादर."

"विचारून या. मग गिटारीचे बोलू."

घरी ग्रेगरी ओट्यावर बसला होता, गिटार गोणपाटात गुंडाळलेली. संध्याकाळी हॉटेलात जातो, एवढंच म्हणाला. आत इजबेल पाटावर चढून दाराच्या चौकटीला आशीर्वादाच्या लोंब्या बांधत होती. मोतीबिंदूच्या डोळ्यांना गाठ दिसत नव्हती, बोटांना सापडत होती.

"आय, आज असं कसं झालं? इसरलीस काय, देवळात होतो आपण?"

"इसरायला काय झालं? देवळातच तर होतो."

"मग?"

इजबेल गाठ मारून झाल्यावरच बोलली. पलेगात गाव रिकामं झालं होतं, सगळी माणसं शेतातल्या झोपड्यांत. तिची आई त्याच आठवड्यात गेली होती. ग्रेगरीच्या बापाशी, बस्त्यानशी, ठरलेलं तिचं लग्न मोडू नये म्हणून तेव्हाच्या पाद्रीने देवळाचं दार लावून घेतलं आणि चार माणसांत आटपलं. विहिरीला तर सरकारी शिपाई बसलेला.

"पानी आनायला कोनी गेलं नाय. गायला कोनी उरलं नव्हतं," ती म्हणाली. "मंग गावच्या सगळ्या पोरींचं मीच गायलं. माझं तेवढं रायलं. आज त्याने दोनदा अंगठा फिरवला आन मी बघते तर, हितंच उभी होते की मी. त्याच जागी."

ओट्यावर ग्रेगरीने मान वर केली. हे त्यानेही कधी ऐकलं नव्हतं. लुगड्याचा काठ पायांत अडकू नये म्हणून क्लाराने सासूला हाताला धरून पाटावरून उतरवलं. सकाळी तिचा हात झटकणारी म्हातारीची बोटं आता निमूट तिच्या मुठीत राहिली.

मग क्लाराने काढून ठेवलेली ओल पुन्हा डोक्यावरून घेतली.

"आता परत कुठं निघालीस? जेवन नाय करायचं?"

"फादरकडे. लग्न कोणाचं होतं, विचारलंय त्यांनी."

इजबेलने लोंब्यांची पडलेली कुसं लुगड्यावरून झाडली.

"सांग त्याला, पुढच्या आयतारी नाय गाणार. एकदाच असतं ते," ती म्हणाली. क्लारा अंगण ओलांडून फाटकाशी पोचली तेव्हा मागून पुन्हा हाक आली.

"आन बस्त्यानचं नाव सांगायला इसरू नको. त्याचंपन लग्न होतं ना."