चार ते पाच

त्या गुरुवारीही टिपणीस नेहमीसारखे घरातले तास न्यायला आले. अनुपमा घरी बसून त्यांच्यासाठी अनुवादाची कामं करायची आणि तासावर पैसे घ्यायची. विकलेला तास भिंतीवरून चादरीसारखा सुटून येई. टिपणीस त्याची घडी घालून पिशवीत ठेवत, आणि मग घरात तो तास होत नसे. दहानंतर बारा वाजत, बारानंतर एकदम तीन.

दर सांगताना अनुपमाची जीभ अडखळली होती, म्हणून तिने कमीच सांगितला. त्या दरात घर चालवायचं तर जवळजवळ सगळेच तास द्यावे लागत.

"बेतताना शिवणीला दोन बोटं जास्त धरावीत, अनू," ब्लाउजला हुक लावत आई दबक्या आवाजात म्हणाली. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवत तिने उभं आयुष्य काढलं होतं. "तू अगदी अंगाबरोबर कापलंस. श्वास कुठून घेशील?"

"वाढवून सांगितला तर टिपणीस दुसरीकडे जातील."

"जाऊ देत की. त्यांना काय जावई करून घ्यायचंय? बरं, एवढा दोरा ओवून दे जरा. दिसत नाही मला."

"थांब गं आई. आत्ता वेळ नाही."

हे ती रोजच म्हणायची.

"चार ते पाच शिल्लक दिसतोय," टिपणीस म्हणाले.

तो आईबरोबर चहा प्यायचा तास होता. अनुपमाने मान डोलावली. टिपणिसांनी त्याची घडी घातली. चार वाजले आणि लगेच पाच. खुर्चीत आई गार पडली होती. बोटांत सुई होती, दोरा नव्हता.

तेरावं झाल्यावर अनुपमा टिपणिसांकडे गेली.

"तो तास परत हवाय."

"वापरला हो. दरच असा होता, जपून वापरावासा वाटला नाही." त्यांनी टेबलाचा खण उघडला. "एवढा तुकडा उरलाय."

तुकडा रुमालाएवढा होता. आत दुपारचं ऊन होतं, आणि उन्हात आई डोळे बारीक करून दोरा ओवत होती.

"अनू," तुकड्यातून आवाज आला, "जरा ये गं."

टिपणिसांनी तुकड्यावर तळहात ठेवला. "द्यायला माझी ना नाही. या वेळी परत घ्यायचा दर मात्र तुम्ही नीट सांगा. तासाला किती?"

तुकड्याची कड भराभर उसवत होती. आईने सुई पुढे केली होती.

"आले, आई," टिपणिसांचा हात बाजूला सारत अनुपमा मोठ्याने म्हणाली आणि तिने सुई धरली.