राजाच्या गालावरचा पांढरा डाग

मित्रांनो, मला डोळे नाहीत. डोळ्यांच्या जागी दोन भोके आहेत. मी नाटकातल्या एका राजाचा जुना मुखवटा. अथेन्समध्ये, नाटकाचा देव डायोनिसस याच्या देवळात खुंटीला टांगलेला असतो. वारा आला की मी हलतो, आणि मग मला माझा जन्म आठवतो.

मुखवटे करणाऱ्या म्हाताऱ्या नाउक्लेसने जुन्या कापडाच्या चिंध्या सरसात भिजवून मला घडवले. त्याचे हात उबदार होते. घडवता घडवता तो मला माझीच, म्हणजे नाटकातल्या त्या राजाची, गोष्ट सांगे. "काय गाढव राजा आहेस रे तू! सगळं समोर घडतंय, दरबारात येऊन आंधळा म्हातारा ओरडून सांगतोय, आणि तुला दिसत नाही!" मग त्याने मला रंग दिला. पांढरा.

आमच्या नाटकात पांढरा चेहरा बाईचा आणि तपकिरी पुरुषाचा. त्याची मुलगी थेआनो मला पाहून दारातच थबकली. दुसऱ्या दिवशी अख्खे शहर टेकडीच्या उतारावर नाटकाला बसणार होते. पांढरा राजा पाहून सगळे हसले असते, आणि नाउक्लेसचे नाव त्या एका हशात गेले असते.

"बाबा, याला रंग मी देऊ का?"

"का? माझे डोळे गेले की काय? चाळीस वर्षं हेच करतोय, पोरी. तू आपली मसूर निवड."

दुपारी तो आडवा झाल्यावर तिने मला मांडीवर घेतले आणि तपकिरी रंग चढवला. तो उठायच्या आत उरकायचे होते. थर जरा जाडच बसला.

नाटक झाले. कोणी हसले नाही; शेवटी तर पुष्कळ जण रडत होते. रिवाजाप्रमाणे बापलेक मला देवाला वाहायला आले. टांगण्याआधी नाउक्लेसने माझ्या गालावरून बोटे फिरवली. ती थांबली.

"इथं दोन थर आहेत. मी एकच देतो." बोटे पुन्हा गालावर नेत तो म्हणाला, "पांढरा दिला होता का गं मी?"

"हो, बाबा."

"आणि त्या राजाला गाढव म्हणत होतो!" तो हसला, खूप वेळ हसला. मग त्याने हात पुढे केला. "चल. पायऱ्या दिसत नाहीत मला. केव्हापासूनच दिसत नाहीत."

आता थेआनो एकटीच येते. माझा तपकिरी रंग एका गालावर उडाला आहे. पुजारी म्हणतो, "नवा रंग देऊ या की, बाई." ती म्हणते, "राहू द्या."

मित्रांनो, घरातल्या कुणाचे डोळे मंदावले तर त्याला हसू नका, आणि त्याने हात मागेपर्यंत थांबूही नका. मला पुसायला आलात, तर हळू पुसा. गालावर जो पांढरा डाग दिसतो ना, तिथे नाउक्लेसची बोटे आहेत.