हार्प्सिकॉर्डशिवाय

राजवाड्याच्या थंड दालनात आम्ही अकरा वादक होतो: सहा व्हायोलिन, एक चेलो, दोन हॉर्न, व्हायोलिनहून थोड्या मोठ्या व्हिओलावर मी आणि पियानोसारख्या पण नाजूक आवाजाच्या हार्प्सिकॉर्डवर म्हातारे बुर्कहार्ट. वाद्यवृंदप्रमुख ट्राउटमान स्वतः रचलेली सिम्फनी बसवून घेत होते.

"बुर्कहार्टकाका, या नव्या पद्धतीत मधले सूर व्हिओला आणि हॉर्न भरतात. हार्प्सिकॉर्ड कुणाला ऐकूही येत नाही. राजेसाहेब फुकट पगार किती दिवस देणार?"

"मग दाराबाहेर उभा राहा. मी वाजवायचं थांबलो की दारावर थाप मार. कळलं नाही, तर मी उद्याच गाशा गुंडाळतो."

"कबूल. कान धुऊनच उभा राहतो."

म्हाताऱ्यांनी मुद्दाम दुसरा, संथ भाग निवडला. त्यात हॉर्न गप्प असतात, त्यामुळे पोकळी लगेच जाणवेल असा त्यांचा हिशेब होता. काही ओळी वाजवून त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि दाराकडे पाहू लागले. ती पोकळी आणखी वाढून त्यांची नोकरी वाचावी म्हणून मी व्हिओलाचा आवाज कमी केला, मग वाजवणंच थांबवलं.

तो भाग संपेपर्यंत दारावर एकही थाप पडली नाही.